काळ्या मातीवर टर्फ टाकायचंय? आधी पाणी कुठं जाणार ते ठरवा

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत आणि जे एसटीत उभं राहून हे वाचताहेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे भागाचा मजकूर. जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" आणि "अॅक्च्युअली" जरा कमी केलेत.

आजचा विषय टर्फ. गेल्या काही वर्षांत बॉक्स क्रिकेटचं टर्फ तालुक्याच्या गावापर्यंत पोचलंय. हिरवं गवत, चारी बाजूंनी जाळी, रात्री फ्लडलाइट. ते बघून अनेकांच्या डोक्यात एकच विचार येतो: घरामागं जागा पडलीच आहे, आपणही टाकून बघू. आमच्या घरीही तेच झालं. आम्ही राहतो वरठीत. भंडारा जिल्हा, रेल्वेनं आलात तर स्टेशनवर पाटी दिसेल "भंडारा रोड", ते स्टेशन आमच्याच गावात आहे. माझी नोकरी नागपूरला, शनिवार-रविवार मी घरी असतो. तर हे काम जवळपास वर्षभर शनिवार-रविवारीच चाललं.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी बीटेक केलंय ते कॉम्प्युटरमध्ये, सिव्हिलमध्ये नाही. त्यामुळे हा कुणा तज्ज्ञाचा सल्ला म्हणून ऐकू नका. आमच्या सांदवाडीत ५० बाय २६ फुटांचं एक कोर्ट झालं, ते कसं झालं, काय मोजलं, काय नाकारलं, एवढंच सांगणार आहे.

कशासाठी हवं होतं?

माझी धाकटी बहीण कॉलेजच्या टीमकडून क्रिकेट खेळते. गावात मैदान आहे, पण संध्याकाळी तिथं पोट्ट्यांच्या चार-चार मॅचेस एकाच वेळी चालू असतात. मुलींना जागा मिळते ती दुपारी, आणि विदर्भातली दुपार कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. तिच्यासोबत दहा-बारा जणी आहेत. त्यांना घराजवळ, उजेडात, नेट लावून सराव करता यावा, एवढी साधी मागणी होती. आईनं अर्धी सांदवाडी सोडली. वांगी, भेंडी आणि वालाचा मांडव उरलेल्या अर्ध्यात गेला. पैसे बाबांचे, निवृत्तीनंतर हातात आलेल्या रकमेतले. ते पुन्हा येणार नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

पहिला सप्लायर येऊन बघून गेला. त्याचं कोटेशन सोपं होतं: जागा सपाट करू, चार इंच काँक्रीट टाकू, त्यावर टर्फ चिकटवू. सात दिवसांत काम तयार, एकूण १ लाख ७५ हजार. पाणी? "उतार मागं आहेच, निघून जाईल." गवतावर काही वर्षांची वॉरंटी होती. तो कागद मी रात्री बसून नीट वाचला. रंग उडाला, पाती तुटली तर वॉरंटी. खालचा पाया खचला, फुगला, तडकला तर काही नाही. मंडळी, तुम्हीही हे बघाच. वॉरंटी बहुतेक वेळा गवताची असते, जमिनीची नसते. आणि आपल्याकडे खोड काढते ती जमीनच.

आपली माती काय करते?

आपल्या भंडारा-गोंदिया भागात मातीला पूर्वीपासून नावं आहेत. कन्हार, मोरंड, खरडी, सिहार, बरडी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते ढेकूळ हातात घेऊन सांगतील. कन्हार म्हणजे भारी काळी चिकणमाती. बरडी म्हणजे मुरमाड, खडेवाली. आमच्या सांदवाडीत कन्हार.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पत्त्यांच्या कॅटसारखी त्याची रचना, पातळ थरांवर थर. दोन थरांच्या मध्ये पाणी शिरतं, थर लांब होतात, माती फुगते. उन्हाळ्यात पाणी गेलं की थर जवळ येतात, माती आकसते आणि जमिनीला भेगा पडतात. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा आपण सगळ्यांनी बघितल्यात. पाऊस पडला की त्याच भेगा मिटतात. म्हणजे दरवर्षी जमीन वर-खाली होते, आणि तिच्यावर जे काही ठेवलंय ते तिच्यासोबत हलतं. कंपाउंडच्या भिंतीला तिरपी तडा गेलेली दिसते, त्यामागं अनेकदा हेच कारण असतं.

आता गंमत बघा. हीच माती आपलं धान पिकवते. रोवणीच्या आधी आपण चिखलणी का करतो? बांधीत पाणी उभं राहावं, खाली मुरू नये म्हणून. आपले मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते का टिकले? कोहळी समाजातल्या लोकांनी गावोगावी तलाव बांधले, तेव्हा पाणी धरून ठेवणारी जमीन आणि तिचा उतार त्यांना बरोबर कळत होता. पाणी धरणं हा या मातीचा गुण आहे. आपण त्याच मातीवर अशी वस्तू ठेवायला निघालोय, जिला पाणी लगेच निघून जायला हवं. या दोन गोष्टींचं भांडण आधी मिटवायचं, मग गवताचा रंग निवडायचा.

माती किती फुगते ते मोजता येतं. त्याची भारतीय मानकातली पद्धत आहे, आयएस २७२०, भाग ४०. मला ती फार आवडली, कारण ती शाळेतल्या प्रयोगासारखी आहे. माती वाळवायची, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची, दहा-दहा ग्रॅम दोन काचेच्या मोजपात्रांत टाकायची. एकात डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. चोवीस तासांनी दोन्हींतला मातीचा थर किती मिलिलिटरवर आहे ते वाचायचं. आम्ही जवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये करून घेतलं. रॉकेलमध्ये १०, पाण्यात १८. म्हणजे ८० टक्के फुगवटा. सरकारी रस्त्यांच्या कामाच्या नियमांत ५० टक्क्यांच्या वर फुगणारी माती भरावाला चालत नाही. आमची ८०. सप्लायरनं हे विचारलंही नव्हतं.

लॅब जवळ नसेल तर घरी एक अंदाज घेता येतो. ओली माती तळहातावर घासून तिची दोरी वळा. तीन मिलिमीटर जाडीपर्यंत न तुटता वळली आणि वाळल्यावर दगडासारखी झाली, तर समजा चिकणमाती आहे. त्यावर थेट काँक्रीट नको.

काकूंचा प्रश्न

आमच्या पूर्वेला एका काकूंचं घर आहे. जुनं, मातीच्या भिंतीचं. त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत आमच्या सांदवाडीला लागून. माप घेणं चालू होतं तेव्हा त्या कुंपणाशी आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ते सारं ठीक आहे जी, पन तुमचं पानी कुठं जाईल?"

सप्लायर म्हणाला होता, उतार मागं आहे. तो "मागं" म्हणजे काकूंची भिंत.

मी त्या रात्री हिशोब केला. सोपा आहे, तुम्हीही करू शकता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं कोर्ट १,३०० चौरस फूट, म्हणजे साधारण १२१ चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे पावसाळ्यात नवलाचा नाही. म्हणजे एका दिवसात १२ हजार लिटर, पाण्याचा एक मोठा टँकर. आज तिथं भाजी आहे, माती आहे, पाणी पसरतं, साचतं, हळूहळू जातं. काँक्रीट टाकलं की तो अख्खा टँकर एका कडेनं बाहेर पडणार. पूर्ण वर्षाचा पाऊस १,३०० मिलिमीटर धरला तर दीड लाख लिटरच्या वर. आणि ते सगळं एका मातीच्या भिंतीच्या पायाशी.

बाबांना काँक्रीट स्वस्त आणि पक्कं वाटत होतं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हातात एक आकडा होता आणि सात दिवसांचा शब्द होता. हा हिशोब कागदावर मांडून दाखवल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तिची भिंत पडली तर टर्फचं काय करायचं?" तिथून डिझाइन बदललं.

आम्ही ठरवलं, कोर्टाचा उतार उलटा फिरवायचा. पूर्वेची बाजू उंच, पश्चिमेची खाली. पश्चिमेला आमच्याच घराचा बोळ आहे, तो रस्त्यावरच्या नालीपर्यंत जातो. लेव्हल बघायला महागडं यंत्र लागत नाही. मिस्त्रीलोक पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी वापरतात तीच घेतली. नालीचा तळ आमच्या अंगणापेक्षा दोन फूट खाली निघाला. कोर्टाच्या कडेचे ५० फूट आणि बोळाचे ७० फूट, मिळून १२० फूट पाइप. शंभराला एक उतार धरला तर साधारण १४ इंच. म्हणजे जमतंय. ग्रामपंचायतीत अर्ज देऊन नालीला जोडायची परवानगी घेतली. ही परवानगी काम सुरू करायच्या आधी घ्या.

काही जण म्हणाले, एवढं कशाला, कोपऱ्यात शोषखड्डा घ्या. शोषखड्डा मुरमाड जमिनीत छान चालतो. काळ्या मातीत तो पहिल्या आठवड्यात भरतो आणि दिवाळीपर्यंत भरलेलाच राहतो. वर आणखी त्रास असा, की भरलेला खड्डा आजूबाजूच्या मातीला सतत पाणी पाजतो आणि तेवढाच भाग फुगतो.

काँक्रीट का नाही?

काँक्रीट कडक असतं. खालची माती एका कोपऱ्यात इंचभर वर आली की पातळ स्लॅब वाकत नाही, तडकतो. मग तडीत पाणी शिरतं आणि पुढचं चक्र चालू. याउलट मुरूम, गिट्टी, चुरी असा थरांचा पाया थोडा हलला तरी तुटत नाही. बिघडला तर तेवढा भाग उघडून पुन्हा दाबता येतो. घरासाठी हे उत्तर चालणार नाही, पण सरावाच्या कोर्टाला दोन-चार मिलिमीटर इकडंतिकडं चालतं.

मुरमाच्या थरामागं आपल्याच राज्यातलं संशोधन आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी १९७०च्या दशकात काळ्या मातीवर खूप काम केलं. त्यांनी मांडलं की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण स्वतःला घट्ट धरून राहणाऱ्या मातीचा जाड थर दाबून बसवला तर खालचा फुगवटा बराच आवरतो. कालव्यांच्या अस्तराखाली ही पद्धत वापरली गेली, भारतीय मानकातही आली. योग्य प्रतीचा मुरूम हे काम करतो. आता खरं सांगायचं तर फुगवटा नीट आवरायला हा थर मीटरभर लागतो. आमचा नऊ इंचांचा. तेवढ्यानं माती शांत बसत नाही, पण धक्का पसरतो आणि वरचं पाणी थेट काळ्या मातीपर्यंत पोचत नाही.

थर कसे बसवले?

काम सुरू केलं दिवाळीनंतर. याला कारण आहे. मे महिन्यात माती पूर्ण सुकलेली, भेगाळलेली असते. त्यावर पाया टाकला की जुलैमध्ये ती फुगणारच. भर पावसात रोलर रुततो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये माती ना फार ओली, ना फार कोरडी. टर्फवाले उन्हाळ्याच्या सुट्टीची घाई करतात, ती घाई मातीला कळत नाही.

सरासरी एक फूट खोदलं, चारी बाजूंनी कोर्टापेक्षा दीड फूट जास्त. म्हणजे ५३ बाय २९ फूट. आपल्याकडे मोजतात तसं सांगायचं तर साडेपंधरा ब्रास माती निघाली, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ती माती एका शेतकऱ्यानं बांधाला नेली. तळ खोदतानाच पश्चिमेकडं उतरता ठेवला. २६ फुटांवर तीन इंच. हा उतार वरच्या प्रत्येक थरात तसाच राहिला पाहिजे.

मग मुरूम, दोन थरांत, प्रत्येक थर पाणी शिंपडून रोलरनं दाबलेला. पाण्याचा अंदाज असा: मूठभर मुरूम दाबला तर लाडू व्हावा, हात ओला होऊ नये. दाबून नऊ इंच हवा तर मागवताना जास्त मागवा. आम्हाला दाबून साडेअकरा ब्रास लागत होता, पंधरा आणला. वाहतुकीसोबत गौण खनिजाची रॉयल्टी पावती मागून घ्या, नाहीतर ट्रॅक्टर रस्त्यात अडतो आणि तुमचा दिवस जातो.

मुरमावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे न विणलेलं जाड कापड. हे टाळायचा मोह होतो, कारण ते शेवटी दिसत नाही. पण ते नसेल तर गिट्टी हळूहळू खाली रुतते आणि बारीक माती वर येते. कापडावर सहा इंच ४० मिलिमीटरची गिट्टी, साडेसहा ब्रास. त्यावर तीन इंच चुरी, सव्वातीन ब्रास. चुरी पिठासारखी नको, तिच्यातून पाणी जात नाही. सहा मिलिमीटरच्या आतली, थोडी खरबरीत घ्या. कडेला धुम्मस आणि प्लेट कॉम्पॅक्टर वापरला, कारण रोलर कडेपर्यंत पोचत नाही, आणि कड सैल राहिली की पहिली तीच खचते.

पश्चिमेच्या कडेनं चर, त्यात छिद्रं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप, त्याला कापड गुंडाळलेलं, भोवती गिट्टी. वरचं तयार कोर्ट अंगणापेक्षा सहा इंच उंच. अंगणातलं पाणी कोर्टात येऊ नये म्हणून.

जाळीच्या खांबांचे पाये कोर्टाच्या थरांपासून वेगळे, बाहेरच्या बाजूला, चार फूट खोल. मे-जूनच्या वादळात जाळी शिडासारखी वारा धरते, खांब हलतो. तो हलला तरी त्यानं कोर्टाची कड ओढू नये.

दोन गोष्टी आम्हाला फुकटात सुचवल्या गेल्या. पहिली, भरावाला पोलाद कारखान्याचा स्लॅग. स्लॅग वाईट नसतो, पण पोलादाच्या ताज्या स्लॅगमध्ये मोकळा चुना असतो, तो पाणी लागलं की स्वतःच फुगतो. बरेच महिने उघड्यावर भिजवून मुरवलेला आणि तपासलेला नसेल तर घेऊ नका. दुसरी, मातीत चुना मिसळणं. याला शास्त्र आहे. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या थरांना जवळ धरतं, फुगवटा कमी होतो. राइस मिलमधल्या कोंड्याची राख चुन्यासोबत वापरण्यावरही संशोधन झालंय. मोठ्या कामाला चांगला पर्याय आहे, पण प्रमाण लॅबमधून ठरवावं लागतं आणि मिसळणं एकसारखं व्हावं लागतं. सांदवाडीत फावड्यानं ते जमत नाही.

एक पावसाळा थांबलो

जानेवारीत पाया तयार होता. बहीण म्हणाली, आता टाका गवत. मी म्हटलं, एक पावसाळा जाऊ दे. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण चुरीवर मॅट टाकून मुलींनी सराव सुरू केला, त्यामुळे थांबणं तसं जड गेलं नाही.

मी कोर्टावर नऊ खुणा केल्या, तीन-तीनच्या तीन ओळी. जूनपासून दर रविवारी नळी लावून लेव्हल घ्यायची आणि मोबाइलवरच्या शीटमध्ये भरायची. ऑगस्टपर्यंत आठ खुणा तीन-चार मिलिमीटरच्या आत होत्या. नववी, घराकडच्या कोपऱ्यातली, १४ मिलिमीटर वर आली. तिथंच का? कारण आमच्या छताचं पाणी त्याच बाजूला पडत होतं. दर पावसात त्या एका कोपऱ्याची माती जास्त भिजत होती. छताचा पाइप वाढवून बोळातल्या नळीला जोडला. नोव्हेंबरपर्यंत ती खूण पाच मिलिमीटरवर आली. तेवढा कोपरा चुरीनं पुन्हा सारखा केला.

गवत आधीच चिकटवलं असतं तर हा कोपरा सुधारायला ते उखडावं लागलं असतं. म्हणून सांगतो, मातीचा प्रश्न बहुतेक वेळा पाण्याच्या असमान वाटपाचा असतो. सगळीकडे सारखी ओली किंवा सारखी कोरडी असेल तर त्रास कमी. एका कोपऱ्यात नळ, एका कोपऱ्यात मोठा कडुनिंब, असं असेल तर एकीकडे फुगणार, दुसरीकडे मुळं पाणी ओढून माती आकसणार.

आणि मग गवत

कोर्टाची रुंदी २६ फूटच का? टर्फचे रोल बहुतेक दोन किंवा चार मीटर रुंद येतात. २६ फूट म्हणजे आठ मीटरला जरा कमी. चार मीटरचे दोन रोल, मधे एकच जोड. जोड जितके कमी तितकं बरं, कारण टर्फ उखडतं ते जोडावरच. दोन्ही रोलची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत, नाहीतर उन्हात दोन वेगळे रंग दिसतात. रोल पसरून काही तास तसाच ठेवायचा, सुरकुत्या जाऊ द्यायच्या, मग कापायचा.

पात्याची उंची खेळावर ठरते. फुटबॉलला ४०-५० मिलिमीटर लागते. क्रिकेटच्या सरावाला आखूड, वाळू भरलेलं गवत बरं, चेंडू नीट उसळतो. भरायला धुतलेली, गोल दाण्याची सिलिका वाळू. नदीची न धुतलेली वाळू भरली तर तिच्यातली माती खालची छिद्रं बुजवते.

खर्च ऐका. गवत ६५ रुपये चौरस फुटानं, ८४ हजार ५००. खालचं सगळं काम, म्हणजे खोदाई, माल, रोलर, कापड, पाइप, मजुरी मिळून, साधारण १ लाख ४० हजार. एकूण सव्वादोन लाखांच्या जवळ. पहिल्या कोटेशनपेक्षा जवळपास ५० हजार जास्त. हे पैसे लोकांना दिसत नाहीत. बघायला येणारे गवतावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "मस्त आहे."

ऊन आणि प्लास्टिक

टर्फचा इतिहास थोडक्यात. अमेरिकेत ह्यूस्टनला अॅस्ट्रोडोम नावाचं छताचं स्टेडियम बांधलं. छताचे अर्धपारदर्शक पॅनेल रंगवले आणि आतलं खरं गवत मेलं. म्हणून १९६६ मध्ये तिथं नायलॉनचं गवत टाकलं, त्याला अॅस्ट्रोटर्फ हे नाव मिळालं. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि तोवर सात वेळचा विजेता असलेला भारत सातव्या नंबरवर गेला. म्हणजे पृष्ठभाग बदलला की खेळ बदलतो, हे आपल्याला फार आधीपासून माहीत आहे.

पण ही वस्तू नावारूपाला आली ती छताखाली, आणि आपण ती विदर्भाच्या उन्हात टाकतोय. उन्हात प्लास्टिकचं गवत हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, ६० अंशांच्या वर सहज जातं. पाणी मारलं तर थोडा वेळ थंड होतं, पुन्हा तापतं. आमच्याकडे एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत सकाळी आठनंतर आणि सूर्य मावळायच्या आधी कोर्ट बंद. अनवाणी कधीच नाही.

दुसरं, रबराचे काळे दाणे आम्ही घेतले नाहीत. युरोपियन युनियननं २०२३ मध्ये मायक्रोप्लास्टिकवर नियम केला, त्यानुसार २०३१ पासून मैदानात भरायच्या अशा दाण्यांची विक्री बंद होणार आहे. तिकडं जे बंद होतंय ते इकडं स्वस्तात मिळू लागेल, तेव्हा लक्ष ठेवा. गवताची पातीही झिजतात, तुकडे पाण्यासोबत वाहतात. आमच्या नालीचं पाणी पुढं नाल्यात आणि तिथून धानाच्या बांध्यांकडं जातं. म्हणून पाइपाच्या तोंडाशी छोटी टाकी केलीय, बारीक जाळीची. महिन्यातून एकदा बहिणीची टीम ती उघडून साफ करते. जाळीत हिरवे दोरे निघतात, दरवेळी निघतात.

तुम्ही करणार असाल तर

आधी माती तपासा. मग पाणी कुठं जाणार ते कागदावर काढा, आणि ते शेजाऱ्याला दाखवा. बाहेर काढायला वाट नसेल, सगळीकडे तुमच्यापेक्षा उंच जमीन असेल, तर टर्फ टाकू नका. मुरमाचं, नीट दाबलेलं, उतार दिलेलं कोर्ट करा. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल सगळं त्यावर होतं, खर्च निम्म्याहून कमी, आणि दरवर्षी दिवाळीनंतर एकदा पाणी मारून रोलर फिरवला की पुन्हा तयार.

सप्लायरला तीन प्रश्न विचारा. पायाची जबाबदारी कोणाची? पाणी कोणत्या बाजूनं, कोणत्या पाइपानं, कुठं जाणार? आणि पाया खचला तर दुरुस्त कोण करणार? उत्तरं कोटेशनवर लिहून मागा. तोंडी उत्तर पहिल्या पावसापर्यंतच आठवतं.

आणि घाई असेल तर निदान पाया एक पावसाळा उघडा ठेवा. तेवढ्यात खेळ थांबत नाही, आमच्या मुलींनी चुरीवर मॅट टाकून एक अख्खा सीझन काढला.

चला, आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात याच कोर्टावरच्या लाइटबद्दल बोलू: किती वॅट, किती उंचीवर, आणि शेजाऱ्यांच्या खिडकीत उजेड जाऊ नये म्हणून काय करायचं. भाग आवडला तर ज्याच्या डोक्यात टर्फचं खूळ आहे त्याला पाठवा, त्यानं अॅडव्हान्स द्यायच्या आधी. भेटूया!